नांदूर मध्यमेश्वर: तिकीट कुणाला पुरतं, परवाना कुणाला लागतो

नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वर अभयारण्यात नुसते पक्षी पाहायला जाणार असाल तर अर्जबिर्ज काही नको. चापडगावच्या फाटकावर तिकीट काढायचं, गाईड घ्यायचा आणि मनोऱ्याकडे चालू लागायचं. हिवाळ्यात सकाळी लवकर गेलात तर वारकरी पक्ष्यांचे काळे थवे, पाणवेलींवरून लांब बोटं टाकत चालणारी जांभळी पाणकोंबडी आणि नशीब असेल तर क्रौंचही दिसतात.

गोदावरी-कादवा संगमाजवळच्या बंधाऱ्यामागे गाळ साचत गेला आणि ही पाणथळ तयार झाली. १९८६ साली ती अभयारण्य झाली, पुढे राज्यातलं पहिलं रामसर स्थळही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ. अभयारण्य म्हटलं की वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ लागू होतो. त्याच्या कलम २७ मध्ये परवान्याविना कोण आत जाऊ शकतं ते दिलंय: हद्दीत जमिनीचा हक्क असलेले, राहण्याची परवानगी असलेले, सार्वजनिक रस्त्याने जाणारे, कामावरचे सरकारी नोकर. म्हणजे हद्दीत स्वतःचा ऊस असलेल्या शेतकऱ्याला शेतावर जायला परवाना लागत नाही.

वन्यजीवांचा अभ्यास, संशोधन किंवा चित्रीकरण करायचं तर मात्र कलम २८ चा परवाना हवा. तो मुख्य वन्यजीव रक्षक देतात. महाराष्ट्रात हे काम नागपूरच्या प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव) यांच्याकडे आहे. तरी सुरुवात नाशिकच्या वन्यजीव विभागाच्या कार्यालयात चौकशी करूनच करा. अर्जाचा नमुना, चालू शुल्क आणि अर्ज कुठून पुढे जाईल, हे तिथेच नीट कळतं.

अर्जासोबत संस्थेचं किंवा मार्गदर्शकाचं पत्र, ओळखपत्रांच्या प्रती, येणाऱ्या सगळ्यांची नावं, गाड्यांचे क्रमांक, तारखा आणि कामाचा आराखडा तयार ठेवा. घोडं अडतं ते आराखड्यावर. माझ्या पहिल्या अर्जात कामाच्या रकान्यात ‘पक्षी निरीक्षण’ एवढंच होतं. तो परत आला, आणि खरं सांगायचं तर यायलाच हवा होता. कुठल्या काठावर, दिवसातून किती वेळा, पायी की होडीतून, दुर्बिणीने की कॅमेऱ्याने, हे सगळं लिहा. ड्रोन न्यायचा असेल तर त्याचा उल्लेख आणि परवानगी वेगळी.

पक्षी पकडून पायात ओळखीची कडी घालायची असेल तर कलम २८ पुरत नाही. त्यासाठी कलम १२ खाली स्वतंत्र परवानगी लागते आणि तिला वेळ जातो. थंडीतलं काम असेल तर पावसाळ्यापूर्वीच कागद हलवा. परवाना हातात आला की त्याची झेरॉक्स गाडीत आणि मूळ प्रत खिशात ठेवा; पहाटे फाटकावरचा वनरक्षक आधी तीच मागतो.