बोटीच्या तळावरचा पांढरा डाग

दगडावर आपटलेली फायबरची रिमोट बोट पाण्याबाहेर काढली की नजर आधी भेगेवर जाते. पाहायची असते ती भेगेभोवतीची जागा. हॅच, म्हणजे वरचे झाकण, उघडा, अंधाऱ्या खोलीत हलच्या (बोटीच्या मुख्य अंगाच्या) आत टॉर्च धरा आणि बाहेरून बघा. जेलकोट, म्हणजे बाहेरचा रंगीत थर, गडद असेल तर उजेड आरपार येणार नाही, मग आतूनच नीट न्याहाळा. भेगेच्या दोन्ही बाजूंना दुधी, पांढुरका डाग दिसेल आणि तो भेगेपेक्षा बराच मोठा असेल. नुकसान तिथपर्यंत पोचलेले असते. मार्करने त्या डागाची कड आखून घ्या, कारण दुरुस्तीची हद्द भेग ठरवत नाही, ही रेघ ठरवते.

डाग पांढरा का दिसतो? भजी बांधलेला वर्तमानपत्राचा कागद आठवा. कोरडा असताना त्याच्यातून काही दिसत नाही, तेल लागले की पलीकडची अक्षरे दिसू लागतात. कागदाच्या तंतूंमध्ये हवा असते तोवर प्रत्येक तंतूपाशी प्रकाश वळतो, विखुरतो. तेल त्या फटी भरते, आणि तेलाचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळवतो त्याचे माप) तंतूंच्या जवळपास असल्याने प्रकाश सरळ निघून जातो. फायबरग्लास म्हणजे काचेच्या धाग्यांचे कापड रेझिनमध्ये, घट्ट होणाऱ्या चिकट द्रवात, भिजवून केलेला पत्रा; त्यातही हेच घडते. काचेच्या धाग्याचा अपवर्तनांक साधारण 1.56, रेझिनचा 1.55 च्या आसपास. म्हणून पांढरेशुभ्र कापड रेझिनमध्ये भिजले की नाहीसे झाल्यासारखे वाटते. ते पुन्हा पांढरे दिसू लागले तर समजावे की धागा आणि रेझिन यांची पकड सुटली आहे आणि मध्ये हवेची बारीक फट आली आहे. खात्री करायला नाण्याने टकटक करा. धड जागेवर आवाज टणक येतो, सुटलेल्या जागेवर बद्द.

काचेसारख्या ठिसूळ पदार्थाची बोट का करतात, याचे उत्तर ॲलन ग्रिफिथ या ब्रिटिश अभियंत्याने 1920 च्या सुमारास दिले. काच तुटते ती तिच्यातल्या सूक्ष्म चिरांमुळे, कारण चिरेच्या टोकाशी ताण एकवटतो. धागा जितका बारीक, तितकी त्याच्यात मोठी चीर मावायला जागा कमी. आपल्या कापडातला एकेक तंतू दहा-पंधरा मायक्रॉन जाड असतो आणि खिडकीच्या काचेच्या कितीतरी पट ताण सोसतो. रेझिनचे काम त्या तंतूंना धरून ठेवायचे आणि एका तंतूवरचा भार शेजारच्यावर पोचवायचा. म्हणून पकड सुटली की धागे शाबूत असूनही तळ लुळा पडतो. आणि म्हणूनच भेगेत नुसती पुट्टी किंवा पाच मिनिटांची अरल्डाइट भरून काही साधत नाही. पाणी यायचे थांबते, पण भार पलीकडे जायला धागा नसतो. पुढच्या फेरीत भेग पुट्टीच्या कडेने पुन्हा उघडते.

भार किती असतो तेही पाहू. ताशी 60 किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास 17 मीटर. या वेगाने पाणी समोरून अडले तर दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण 1.4 किलो भरतो. लाटेवरून उडालेली बोट सपाट आपटली तर काडेपेटीएवढ्या जागेवर वीस-पंचवीस किलो सहज येतात. त्यात आतली बॅटरी. 400 ग्रॅमची लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी घेऊन या वेगाने जाताना बोट अचानक थांबली, तर ती बॅटरी चौदा मीटर उंचीवरून टाकल्यासारखी पुढे आदळते. नाळेजवळचा (पुढच्या टोकाजवळचा) जोड पुष्कळदा दगडाने फुटत नाही, आतल्या बॅटरीने फुटतो. ती वेल्क्रोच्या दोन पट्ट्यांनी बांधली तर अर्धी दुरुस्ती टळेल.

आता रेझिन. कोकणातल्या बंदरांवर मासेमारीच्या फायबर बोटींची कामे चालतात तिथे पॉलिएस्टर रेझिन आणि चॉप मॅट (काचेच्या धाग्यांच्या तुकड्यांची चटई) सहज मिळते, स्वस्तही असते. लहान हलच्या दुरुस्तीला मात्र इपॉक्सी हे दुसरे रेझिन घ्यावे. पॉलिएस्टर घट्ट होताना अंदाजे 6-7 टक्के आकसते, त्यामुळे जुन्या, आधीच घट्ट झालेल्या पृष्ठभागावर त्याची पकड कमी पडते. इपॉक्सी फार कमी आकसते. पॉलिएस्टरच्या हलवर इपॉक्सी छान चिकटते, उलट केले तर फसगत होते: इपॉक्सीवर पॉलिएस्टर बऱ्याचदा चिकट राहते. इपॉक्सीबरोबर चॉप मॅट वापरू नका. मॅटचे तुकडे ज्या बाइंडरने एकत्र धरलेले असतात तो सहसा पॉलिएस्टरमधल्या स्टायरिन या द्रवाने विरघळतो, इपॉक्सीने नाही. मॅट कडक राहते, कोपऱ्यात बसत नाही. विणलेले कापडच घ्या, 160 किंवा 300 जीएसएमचे. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचे ग्रॅममधले वजन.

पॉलिएस्टरच वापरायचे असेल तर एक धोका लक्षात ठेवा. कोबाल्टचा एक्सिलरेटर (घट्ट होण्याचा वेग वाढवणारा) आणि एमईकेपी (रेझिन घट्ट करणारा पेरॉक्साइड) हे दोन्ही कधीही थेट एकमेकांत मिसळू नयेत, भडका उडू शकतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, मग एमईकेपी. आणि डोळ्यांवर गॉगल हवाच, एमईकेपीचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते.

उदाहरण म्हणून 75 सेंटिमीटरची मोनो, म्हणजे एकाच हलची, बोट घेऊ. तळाची जाडी 1.5 मिलिमीटर, आणि खराब भाग कापून काढल्यावर उरलेले भोक 4 × 2 सेंटिमीटर. कापताना मार्करच्या रेघेवर थांबा, पांढरे काही मागे ठेवू नका. मग आतल्या बाजूने भोकाच्या कडा घासून उतार करायचा. उताराची लांबी जाडीच्या बारापट, म्हणजे चारही बाजूंना 18 मिलिमीटर. हाच सगळ्यात कंटाळवाणा भाग, आणि लोक नेमके इथेच हात आखडतात. सरळ कडेला ठिगळ लावले तर सगळा भार एका बारीक रेषेवर येतो. उतारावर तोच भार मोठ्या चिकट पृष्ठभागावर पसरतो.

घासायला 80 नंबरचा पॉलिश पेपर, तोंडाला एन95 मास्क. शक्यतो ओले घासा, मग धूळ उडत नाही. खाऱ्या पाण्यात चालवलेली बोट आधी गोड्या पाण्याने धुवून एक-दोन दिवस वाळू द्या. धाग्यांच्या कडेने शिरलेला ओलावा पकड बिघडवतो. शेवटी पांढऱ्या सुती फडक्याने ॲसिटोन पुसा, फडके स्वच्छ निघेपर्यंत. त्यानंतर त्या जागेला उघडा हात लावायचा नाही.

बाहेरून भोकावर पातळ पीव्हीसी किंवा ॲक्रिलिक शीटचा तुकडा बसवा, त्यावर तपकिरी पॅकिंग टेप चिकटवून. इपॉक्सी या टेपला धरत नाही. त्यामुळे बाहेरचा पृष्ठभाग आपोआप गुळगुळीत येतो आणि रंगकामाचे श्रम वाचतात.

हाताने लावलेला 300 जीएसएमचा एक थर वाळल्यावर साधारण 0.38 मिलिमीटर भरतो. चार थरांत 1.5 मिलिमीटर होतात. मापे 8 × 6, 7 × 5, 6 × 4 आणि 5 × 3 सेंटिमीटर. आधी मोठा की आधी लहान यावर जाणकारांत वाद आहे. मोठा आधी लावावा हे बरे: तो पूर्ण उतारावर बसतो आणि नंतर घासताना कागद त्याच्या लांब धाग्यांपर्यंत पोचत नाही. एक थर सरळ, पुढचा 45 अंशांत कापलेला, असे आलटून पालटून लावा, म्हणजे पिळालाही धागा मिळतो. तिरके कापलेले कापड वळणावर बसतेही चांगले.

चारही थरांचे मिळून कापड चार ग्रॅमसुद्धा होत नाही, आणि रेझिन तेवढेच लागते. पण चार ग्रॅम रेझिन कालवू नका. एलवाय 556 (इपॉक्सी रेझिन) आणि एचवाय 951 (त्याला घट्ट करणारा हार्डनर) या आपल्याकडे मिळणाऱ्या जोडीचे प्रमाण वजनाने साधारण 100 ला 10. दहा ग्रॅम रेझिनला एक ग्रॅम हार्डनर, काट्याने 0.1 ग्रॅम इकडेतिकडे केले की हार्डनर दहा टक्के चुकला. वीस ग्रॅमला दोन ग्रॅम घ्या, उरलेले फेका, आणि 0.01 ग्रॅम दाखवणारा सोनारी काटा वापरा. दुसऱ्या कंपनीची जोडी असेल तर डब्यावरचे प्रमाण पाळा, आणि ते वजनाचे आहे की आकारमानाचे हे आधी वाचा.

लवकर वाळावे म्हणून हार्डनर जास्त घालणे ही सर्रास होणारी चूक. पॉलिएस्टरमध्ये एमईकेपी नुसती ठिणगी पाडतो, म्हणून 1 ते 2 टक्क्यांत थोडा कमी-जास्त चालून जातो. इपॉक्सीत हार्डनरचा रेणू हा जाळ्याचाच भाग असतो. जास्त झालेल्या रेणूंना जोडीदार मिळत नाही, आणि थर रबरासारखा मऊ राहतो. घाई असेल तर ऊब द्या. दर 10 अंशांना वेग जवळपास दुप्पट होतो. कालवलेले रेझिन मात्र खोल कपात ठेवू नका, ते स्वतःच्याच उष्णतेने तापून धुमसते. पसरट ताटलीत ओता.

जागेवर आधी नुसत्या रेझिनचा हात फिरवा, मग कापड ठेवून आखूड केसांच्या ब्रशने टोचत जा. घासून ओढू नका, धागे सरकतात. कापड पारदर्शक झाले की तो थर भिजला. कुठे पांढरे दिसले तर हवा राहिली आहे, तिथे पुन्हा टोचा. शेवटच्या थरावर पील प्लाय म्हणून विकले जाणारे नायलॉनचे कापड पसरा, त्यावर पॉलिथिन, स्पंज आणि वाळूची छोटी पिशवी. दुसऱ्या दिवशी पील प्लाय सोलला की जास्तीचे रेझिन त्याच्याबरोबर निघते आणि पुढचा थर लावायला खरखरीत पृष्ठभाग मिळतो.

पावसाळ्यात आणखी एक भानगड होते. दमट हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड यांच्याशी हार्डनरची क्रिया होऊन इपॉक्सीवर मेणचट साय येते. तिच्यावरून थेट पॉलिश पेपर फिरवला तर ती आत चोळली जाते आणि रंग सुटतो. आधी पाणी आणि हिरव्या घासणीने धुवा, मग घासा.

मजबुतीसाठी सगळा हल आतून पुन्हा मढवणारे बरेच असतात. गरज नसते. पत्र्यासारख्या भागाचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. 1.5 मिलिमीटरच्या तळावर 300 जीएसएमचा एकच थर दिला की ताठपणा जवळजवळ दुप्पट होतो. तो थर मोटर माउंटपासून मागच्या फळीपर्यंतच्या तळाला, रडर (सुकाणू) जिथे बसतो त्या फळीला आणि स्टफिंग ट्यूब (पंख्याच्या दांड्याची नळी) तळातून बाहेर पडते तिथे द्या. हल आणि डेकच्या (वरच्या भागाच्या) जोडाला आतून 25 मिलिमीटरची पट्टी पुरते. काटकोनी कोपऱ्यात कापड बसत नाही, मागे पोकळी राहते. म्हणून आधी इपॉक्सीत बारीक कापूस कालवून सहा-आठ मिलिमीटर त्रिज्येची गोलाई भरून घ्या. पांढरी हलकी मायक्रोबलून पावडर इथे चालणार नाही, ती फक्त बाहेरच्या खळग्यांसाठी. आणि प्रत्येक थर आधीच्या थराच्या सेंटिमीटरभर पुढे-मागे संपवा. सगळे एकाच रेषेत संपले की तिथे ताठ आणि लवचीक यांची सीमा तयार होते, आणि पुढची भेग बरोबर तिथे पडते.

कार्बनचा मोह आवरलेला बरा. तो काचेच्या तिपटीहून ताठ आहे खरा, पण दीड-दोन टक्के ताणला की तुटतो; काच चार टक्क्यांपुढे जाते. दगड-लाकडांच्या तळ्यात काचच बरी. शिवाय कार्बन वीजवाहक असल्याने 2.4 गिगाहर्ट्झचे रेडिओ संकेत अडवतो. हलमध्ये कार्बन भरपूर असेल तर रिसीव्हरच्या अँटेनाचे 31 मिलिमीटरचे उघडे टोक प्लास्टिकच्या नळीतून डेकच्या वर काढा. कार्बन घासताना स्पीड कंट्रोलर आणि वायरिंग आधी बाहेर काढा, त्याच्या धुळीने शॉर्ट होऊ शकतो.

24 तासांनी घासकाम करता येते, पूर्ण ताकद यायला आठवडा लागतो. खोलीच्या तापमानाला घट्ट झालेले इपॉक्सी 50-60 अंशांना नरम पडू लागते, आणि मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेली काळी बोट तेवढी सहज तापते. त्यासाठी आठवड्यानंतर पुठ्ठ्याच्या खोक्यात बल्ब लावून 50 अंशांवर चार-सहा तास द्या, नरम पडण्याचे तापमान वर सरकते. बल्ब पुठ्ठ्यापासून लांब ठेवा आणि खोक्यापाशी थांबा.

पाण्यात सोडण्याआधी बोटीचा तोल बघा. मोनो बोटीचा गुरुत्वमध्य मागच्या फळीपासून लांबीच्या साधारण 30 टक्क्यांवर असावा. मागे चाळीस ग्रॅम वाढले असतील तर बॅटरी थोडी पुढे सरकवा, नाहीतर नाळ उडायला लागते. पहिली फेरी अर्ध्या थ्रॉटलवर पाच मिनिटे. मग हॅच उघडून ठिगळाच्या कडेवर पुन्हा टॉर्च धरा. कडेने बारीक पांढरी रेघ उमटली असेल तर उतार आखूड पडला आहे. ते ठिगळ घासून काढायचे आणि 18 ऐवजी 25 मिलिमीटरचा उतार धरायचा.