वटवाघूळ दत्तक घेणे आणि एका वटवाघळाचे पालक होणे

वटवाघळांसाठीच्या दत्तक योजनांविषयी दोन मते वारंवार वाचायला मिळतात. पहिले तक्रारीच्या सुरात असते: पैसे भरले, प्रमाणपत्र आले, पण माझे म्हणावे असे वटवाघूळ कुठेच नाही, तेव्हा ही शुद्ध फसवणूक आहे. दुसरे समाधानाच्या सुरात असते: एका जखमी वटवाघळाचा वर्षभराचा खर्च मी उचलला, म्हणजे एक प्रजाती वाचवायला हातभार लावला. दोन्ही मते चुकीची आहेत आणि दोहोंच्या मुळाशी एकच घोळ आहे. प्रतीकात्मक दत्तक आणि निवारा केंद्रातल्या विशिष्ट वटवाघळाचे पालकत्व हे दोन निरनिराळे व्यवहार आहेत.

प्रतीकात्मक दत्तक वाचकांना वाघ, पांडा यांच्यामुळे चांगलेच परिचयाचे आहे. ठरावीक रक्कम, छापील प्रमाणपत्र, छायाचित्र, माहितीपत्रक आणि बहुधा एक मऊ खेळणे, असा तो मामला असतो. वटवाघळांसाठी काम करणाऱ्या काही संस्था अशी योजना चालवतात. छायाचित्रातले वटवाघूळ आपल्या प्रजातीच्या वतीने तिथे असते आणि रक्कम संस्थेच्या कामाला जाते. वटवाघूळ घरी कधी मिळेल, असे विचारणारेही भेटतात. त्यांनी हा विचार सोडून द्यावा, कारण वटवाघूळ हा पाळण्याचा प्राणी नाही.

पालकत्वाचे तसे नसते. निवारा केंद्रातले वटवाघूळ खरोखर असते, त्याला नाव असते आणि बहुधा त्याच्या नावावर एखादी दुखापतही असते: काटेरी तारेत अडकून फाटलेले पंखाचे पटल, किंवा वेडेवाकडे जुळलेले बोटाचे हाड. पंखाचा सांगाडा बोटांच्याच लांब हाडांचा असल्याने असे वटवाघूळ पुन्हा नीट उडू शकत नाही. कीटकभक्षी वटवाघळे एरवी उडता उडता भक्ष्य पकडतात. इथे मात्र बशीतली अळी हे अन्न आहे, हेच त्यांना आधी शिकवावे लागते आणि तोवर कोणीतरी चिमट्याने एकेक अळी तोंडाशी धरते. आकाराच्या मानाने वटवाघळे फार दीर्घायुषी असतात, काही प्रजाती ३० वर्षांच्याही पुढे जगतात, त्यामुळे हा खर्च एकदोन वर्षांत संपणारा नसतो. एकाच वटवाघळाचे अनेक पालक असतात आणि सर्वांचे पैसे एकाच गंगाजळीत पडतात. त्यात लपवाछपवी काही नाही. फक्त आपल्या वटवाघळाचे ताट वेगळे मांडले जाते, असे समजू नये.

आता खरा फरक. पालकत्वाचे पैसे एका जिवाचे हाल थांबवतात. प्रतीकात्मक दत्तकाचे पैसे, संस्था नेकीने काम करीत असेल तर, त्या प्रजातीचा ऱ्हास ज्या कारणाने होतो त्या कारणावर खर्च होतात. ही दोन कामे एकमेकांची जागा घेऊ शकत नाहीत, आणि वटवाघळांच्या बाबतीत तर मुळीच नाही. बहुतेक प्रजातींची मादी वर्षाला एकच पिल्लू देते. उंदराएवढ्या प्राण्याच्या मानाने प्रजननाचा वेग इतका संथ असल्यामुळे, एका हंगामात वसाहत उद्ध्वस्त झाली तर ती भरून यायला कित्येक दशके लागतात. शिवाय हजारो, काही ठिकाणी लाखो वटवाघळे एकाच गुहेत राहतात, म्हणून एका जागेचा घात हा साऱ्या वसाहतीचा घात ठरतो.

अमेरिकेत २००६ साली प्रथम आढळलेला व्हाइट-नोज सिंड्रोम हा बुरशीजन्य रोग घ्या. ही बुरशी शीतनिद्रेतल्या वटवाघळांना पुन्हा पुन्हा जागे करते, साठवलेली चरबी हिवाळा संपण्याआधीच जळून जाते आणि ती उपासमारीने मरतात. उत्तर अमेरिकेत अशी लक्षावधी वटवाघळे गेली. एखादे वटवाघूळ उबदार खोलीत खाऊपिऊ घालून बरे करता येते, पण सोडल्यावर ते पुढच्या हिवाळ्यात त्याच बुरशीच्या गुहेत परतते. गुहेच्या तोंडावर वटवाघळे ये-जा करू शकतील पण माणसे आत शिरणार नाहीत, अशा बेताने आडवे गज बसवणे हे संवर्धनाचे काम आहे, कारण माणसांच्या वावरानेही शीतनिद्रा मोडते आणि तीच चरबी जळते. टेक्सासमधील ब्रॅकन गुहेत उन्हाळ्यात दीड कोटीच्या वर वटवाघळे असतात. तिच्या शेजारी हजारो घरांची वसाहत होऊ घातली होती. २०१४ साली बॅट कन्झर्व्हेशन इंटरनॅशनल, सॅन अँटोनियो शहर आणि इतरांनी मिळून ती सुमारे १,५०० एकर जमीन विकत घेतली. असल्या कामाचे छायाचित्र प्रमाणपत्रावर शोभत नाही, म्हणून तिथे मोठ्या डोळ्यांचे वटवाघूळ छापतात, आणि ते ठीकच आहे.

दोन्ही कामे एकत्र आल्याचे चांगले उदाहरण हिंदी महासागरातल्या रॉड्रिग्स बेटावरचे आहे. १९७० च्या दशकात तिथल्या फलाहारी वटवाघळांची संख्या शंभराच्या आसपास उरली होती. १९७६ मध्ये निसर्गलेखक जेराल्ड डरेल यांनी काही वटवाघळे जर्सी बेटावरच्या आपल्या प्राणिसंग्रहालयात नेली आणि तिथून पिंजऱ्यातली पैदास सुरू झाली. बेटावरची वटवाघळे संपलीच तर, म्हणून काढलेला तो विमा होता. बेटावर जंगल राखले गेले, झाडे लावली गेली, आणि आज तिथे वीस हजारांच्या आसपास वटवाघळे आहेत.

याउलट, नोव्हेंबर २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियात केर्न्स परिसरात उष्णतेच्या लाटेने चष्मेवाली फलाहारी वटवाघळे हजारोंनी मेली, तेव्हा शेकडो पोरकी पिल्ले स्वयंसेवकांनी बाटलीने दूध पाजून जगवली. त्या पिल्लांना तेव्हा पालकच हवे होते. तिथे अधिवासाचे प्रवचन देणाऱ्याला मी दारातूनच परत पाठवीन.

प्रमाणपत्र कागदी की ईमेलने, नाव कोणी ठेवायचे, मुदत वर्षाची की सहा महिन्यांची, हे प्रश्न गौण आहेत. पैसे भरण्यापूर्वी योजनेच्या पानावरची बारीक अक्षरे मात्र वाचावीत: रक्कम 'प्रजातीच्या संवर्धनासाठी' आहे, 'संस्थेच्या सर्वसाधारण कार्यासाठी' आहे, की 'आमच्याकडील प्राण्यांच्या संगोपनासाठी'? तिन्ही उत्तरे प्रामाणिक असू शकतात. तीनपैकी एकही नसेल आणि नुसतेच 'वटवाघळांना वाचवा' असेल, तर मी तिथे पैसे भरत नाही.

माझी पसंती प्रतीकात्मक दत्तकाला आहे, तेही दरवर्षी नूतनीकरण करून, कारण गुहेची राखण एका देणगीत उरकत नाही. लहान मुलाला भेट द्यायची असेल तर पालकत्व घ्यावे, कारण ते मूल 'आता ते कसे आहे?' असे विचारणारच आणि तिथे खरे उत्तर मिळते. मात्र ते वटवाघूळ म्हातारे असू शकते, हे आधीच सांगून ठेवावे. मऊ खेळणे कुठल्याही योजनेत घेऊ नये. त्याचा आणि टपालाचा खर्च आपल्याच रकमेतून जातो, आणि बहुतेक खेळण्यांचे कान तर कुठल्याच प्रजातीचे नसतात. 'भेटवस्तू नको' असा पर्याय पुष्कळ अर्जांत असतो. तो नसेल, तर तेवढी विनंती संस्थेला लेखी कळवावी.