इचिगाया लष्करी तळ

जपानची राजधानी टोकियोच्या शिंजुकू भागातील टेकडीवजा उंचवट्यावर असलेला लष्करी तळ. देशाचे संरक्षण मंत्रालय याच आवारात आहे. एदो काळात, म्हणजे तोकुगावा शोगुनांच्या (लष्करी राज्यकर्त्यांच्या) सत्ताकाळात, येथे ओवारीच्या तोकुगावा घराण्याचा प्रशस्त वाडा होता. १८६८ मध्ये सम्राटाची सत्ता पुन्हा स्थापन होऊन मेजी राजवट आल्यावर ही जागा लष्कराकडे गेली आणि १८७४ मध्ये तेथे शाही लष्कराची अधिकारी प्रशिक्षण संस्था सुरू झाली.

पुढचे युद्धमंत्री आणि सेनापती याच संस्थेत घडले. हिदेकी तोजो १९०५ मध्ये येथून उत्तीर्ण झाले. १९३७ मध्ये संस्था झामा येथे हलली. त्याच वर्षी इचिगायात मुख्य इमारत बांधून पुरी झाली होती. डिसेंबर १९४१ मध्ये युद्ध मंत्रालय आणि लष्करी मुख्यालय तेथे आले. तोजो तेव्हा पंतप्रधान होते आणि युद्ध खातेही त्यांच्याकडेच होते.

दुसऱ्या महायुद्धातील जपानच्या शरणागतीनंतर दोस्त राष्ट्रांनी टोकियो खटल्यासाठी, म्हणजे जपानी नेत्यांवरील युद्धगुन्ह्यांच्या खटल्यासाठी, हीच इमारत निवडली. तिच्या सभागृहाचे न्यायालयात रूपांतर झाले आणि ३ मे १९४६ रोजी २८ आरोपींवरील सुनावणी सुरू झाली. तोजो पुन्हा इचिगायात आले, ते आरोपीच्या पिंजऱ्यात. अकरा देशांच्या न्यायाधीशांत भारताचे राधाविनोद पाल होते. विजेत्यांनी पराभूतांसाठी मागाहून गुन्हे ठरवावेत, हे त्यांना मान्य नव्हते. जपानी सैन्याने केलेले अत्याचार मात्र त्यांनी नाकारले नाहीत. सर्व आरोपी निर्दोष, असे त्यांनी भिन्नमतपत्रात लिहिले. जपानमधील उजव्या गटांनी पुढे त्यातला सोयीचा भाग तेवढा उचलला. नोव्हेंबर १९४८ मध्ये सात जणांना फाशीची शिक्षा झाली. त्यांत तोजो होते.

अमेरिकी सैन्य गेल्यावर तळ स्वसंरक्षण दलाकडे (जपानच्या युद्धोत्तर सैन्याकडे) आला. २५ नोव्हेंबर १९७० रोजी कादंबरीकार युकिओ मिशिमा आपल्या खासगी संघटनेच्या चार तरुणांसह भेटीच्या निमित्ताने आत शिरले, सेनाधिकाऱ्याला त्याच्याच कार्यालयात बांधून ठेवले आणि सज्जात उभे राहून जवानांना राज्यघटनेविरुद्ध उठावाची हाक दिली. खालून हुर्यो उडाली. वर हेलिकॉप्टरांची घरघर, त्यामुळे भाषण अनेकांना धड ऐकूही गेले नाही. मिशिमा आत गेले आणि त्यांनी पोट चिरून घेतले. ती खोली युद्धकाळात युद्धमंत्र्यांची होती. झटापटीत तलवारीचे वार दाराच्या लाकडावर उमटले, ते अजून दिसतात.

१९९० च्या दशकात नव्या संकुलासाठी मुख्य इमारत पाडायचे ठरले, तेव्हा ती वाचवण्यासाठी चळवळ झाली. सरकारने मधला मार्ग काढला : सभागृह आणि काही खोल्या सुट्या करून त्याच आवारात दुसरीकडे छोट्या स्मारक इमारतीत पुन्हा उभारल्या. सभागृह टिकले हे खरे, पण आज दिसते ती मूळ वास्तू नव्हे. संरक्षण खाते २००० मध्ये टोकियोतल्याच रोप्पोंगी भागातून येथे आले आणि २००७ मध्ये त्याला मंत्रालयाचा दर्जा मिळाला. उत्तर कोरियाच्या क्षेपणास्त्र चाचण्यांच्या वेळी आवारात येणारी क्षेपणास्त्रे हवेतच पाडणारी पॅट्रियट क्षेपणास्त्रे तैनात होतात. स्मारक पाहण्यासाठी नागरिकांना पूर्वनोंदणी करून, मार्गदर्शकासोबतच आत जाता येते.