गाठ, ग्रंथी आणि ‘इतर सर्व कारणे’

ब्रिटिश हिंदुस्थानच्या वार्षिक आरोग्य अहवालांत मृत्यूच्या कारणांचे रकाने मोजकेच असत: पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण-अतिसार, श्वसनविकार, इजा आणि ‘इतर सर्व कारणे’. कर्करोग या शेवटच्या रकान्यात जाई. अखेरच्या दिवसांत ताप चढला असेल, तर ‘ताप’मध्ये. त्या आकड्यांवरून ‘तेव्हा कॅन्सर नव्हताच’ म्हणणारे रकाना वाचतात, रोग नाही.

खरा गुंता ‘गाठ’ या शब्दाचा. १८९६ नंतरच्या मुंबईत काखेतली किंवा जांघेतली गाठ म्हणजे प्लेग, ‘ग्रंथिक सन्निपात’. घरात गाठ निघाली म्हणजे खोलीत जंतुनाशकाची फवारणी आणि माणसांची रवानगी विलगीकरण छावणीत. अशा घरातून मयताची खबर देताना स्तनातली किंवा मानेतली जुनी गाठ कोण बोलून दाखवणार? डॉक्टरचा दाखला नसेल, तर नातलग सांगतील तेच कारण. दाखला असला तरी अडचण होतीच. कारणांच्या आंतरराष्ट्रीय यादीच्या १९०९ च्या सुधारणेत कर्करोगाला अवयवांनुसार ३९ ते ४५ असे सात क्रमांक होते. नुसतं ‘अर्बुद’ (ट्यूमर, म्हणजे गाठ) लिहिलं, तर मात्र ४६, म्हणजे ‘इतर अर्बुदे’. एका शब्दाने मृत्यू कर्करोगाच्या बेरजेबाहेर.

मृत्युदर काढताना ज्या लोकसंख्येने भागायचं, तो छेदही फसवा. जनगणनेत शहराची लोकसंख्या १९०१ साली ७,७६,००६ होती, पण तेव्हा प्लेगमुळे लोक शहर सोडून गेलेले. १९११ साली ती ९,७९,४४५ भरली. समजा वर्षात १०० मृत्यू झाले: पहिल्या छेदाने लाखामागे १२.९, दुसऱ्याने १०.२. त्यात गिरणीतला माणूस दुखणं लांबलं की कोकणात गावी जाई. त्याचा मृत्यू मुंबईच्या वहीत चढतच नसे.

परळला १९४१ साली कर्करोगाचं स्वतंत्र रुग्णालय सुरू झालं. आंतरराष्ट्रीय यादीच्या १९४८ च्या सुधारणेने ‘मूळ कारण’, म्हणजे मृत्यूकडे नेणारी साखळी ज्या रोगाने सुरू झाली तो रोग, धरायचा नियम घातला. १९६३ पासून शहरात कर्करोगाच्या रुग्णांचीच नोंदणी सुरू झाली आणि मृत्यूच्या दाखल्यावरचं अवलंबन घटलं.

दाखल्यातली चूक मात्र टिकून आहे. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याखालील नमुना ४ मध्ये, म्हणजे डॉक्टरने भरायच्या मृत्यूच्या कारणाच्या दाखल्यात, तात्कालिक कारण वरच्या ओळीत आणि मूळ कारण सगळ्यात खालच्या भरलेल्या ओळीत येतं. वर ‘हृदयक्रिया बंद पडली’ लिहून खालच्या ओळी कोऱ्या सोडल्या, की जबड्याचा कर्करोग हृदयविकारात मोजला जातो.