‘दहावी फ’च्या मागे-पुढे

शाळेत मुलं एकमेकांना छळतात, त्यावर घरी बोलता येईल असा सिनेमा कोणता, असं पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणी विचारलं की पहिलं नाव बहुधा ‘वंडर’चं येतं. २०१७चा हा अमेरिकी सिनेमा चांगलाच आहे. पण मराठी पडद्यालाही हा विषय नवा नाही. आपल्याकडे तो गरिबी, जात आणि मार्क यांच्या आडून आला, आणि त्यात पुण्याचा वाटा मोठा आहे.

जुनी भूमिका ‘श्यामची आई’त सापडते. साने गुरुजींच्या या पुस्तकावरचा आचार्य अत्र्यांचा सिनेमा १९५३चा; पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक त्यालाच मिळालं. पुस्तकातल्या गोष्टीत श्याम पोहायला घाबरून लपून बसतो आणि आई त्याला शिंपटीने झोडून विहिरीवर पिटाळते. माझ्या मुलाला कुणी भित्रा म्हणू नये, हे तिचं कारण. म्हणजे चिडवणारे चिडवणारच, घट्ट व्हायचं ते मुलानेच. आजही कित्येक घरांत ‘रडत काय आलास, तूही दोन ठेवून द्यायच्या’ यापलीकडे गाडी जात नाही.

पुण्यात वेगळी वाट पडली ती १९८०च्या दशकात, आणि ती पाडणारे मुळात करमणुकीच्या धंद्यातले नव्हते. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. मोहन आगाशे यांनी बर्लिनची ‘ग्रिप्स’ नाट्यचळवळ इथे रुजवली. त्यात पऱ्या-राक्षस नाहीत. मोठी माणसं लहान मुलांच्या भूमिका करतात आणि घरातल्या, शाळेतल्या रोजच्या कटकटी मुलांच्या बाजूने मांडतात. त्याच सुमारास, १९८५मध्ये, सुमित्रा भावे यांनी ‘बाई’ हा पहिला लघुपट केला. त्या कर्वे समाजसेवा संस्थेत शिकवत असत. लोकांशी बोलण्याचं साधन म्हणून त्या कॅमेऱ्याकडे वळल्या.

म्हणूनच त्यांचा आणि सुनील सुकथनकरांचा ‘दहावी फ’ (२००२) मला या विषयातला कळीचा सिनेमा वाटतो. मार्कांवरून तुकड्या पाडलेल्या, ‘फ’ म्हणजे वाया गेलेली पोरं. हुशार तुकडीशी मारामारी होते, अपमान साठत जातो आणि ही मुलं शाळेची प्रयोगशाळा फोडतात. अतुल कुलकर्णींनी साकारलेले सर त्यांना पाठीशीही घालत नाहीत आणि हाकलूनही देत नाहीत; नुकसान स्वतः कमावून भरायला लावतात. छळणाऱ्यांइतकंच मुलांना तुकड्यांत बसवणाऱ्या शाळेकडेही बोट जातं. पालकांना अवघड जातं ते नेमकं इथे, कारण ‘अ’ तुकडीसाठी धडपडणारे आपणच.

पुढे २००७मध्ये ‘तारे जमीन पर’ आला. डिस्लेक्सियाचा (वाचता-लिहिताना येणाऱ्या अडचणीचा) सिनेमा म्हणून तो लक्षात राहिला, पण घरी बोलायला सुरुवातीचा प्रसंग जास्त उपयोगी आहे. ईशानची शेजारच्या मुलाशी मारामारी होते, त्या मुलाची आई तक्रार घेऊन येते आणि बाबा ईशानलाच मारतात. काय झालं, हे त्याला कुणी विचारतच नाही. त्यानंतर दोनच वर्षांत शिक्षणहक्क कायदा झाला. त्याच्या १७व्या कलमाने शाळेतल्या शारीरिक शिक्षेवर आणि मानसिक छळावर बंदी घातली, पण त्याचा रोख मुख्यतः मोठ्यांवर होता. बाकावरच्या शेजाऱ्याचं काय, हा प्रश्न तसाच राहिला.

तो नागराज मंजुळेंच्या ‘फँड्री’ने अंगावर आणला. गावाने खालच्या मानलेल्या जातीतला जब्या त्याचा नायक. शाळेमागे घरच्यांसोबत डुक्कर पकडताना वर्गातली मुलं बघू नयेत म्हणून तो लपत असतो. राष्ट्रगीत सुरू होतं, सगळं कुटुंब जागच्या जागी उभं राहतं आणि डुक्कर निसटतं. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट आपल्याकडे येतो. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला मी हा दाखवणार नाही. सातवी-आठवीनंतर मात्र आईबाबांनी सोबत बसून जरूर पाहावा. जातीबद्दल घरात कधीच न बोललेल्यांनी आधी एकट्याने पाहिला तर बरं. (‘किल्ला’ लहानांनाही चालेल: नव्या गावातल्या शाळेत टोळीबाहेर पडलेल्या मुलाचं एकटेपण त्यात फार नीट आलंय.)

या सगळ्यांत छळणारा मुलगा मात्र बाहेरूनच दिसतो. जपानी ‘अ सायलेंट व्हॉइस’मध्ये (२०१६) तोच नायक आहे. बहिऱ्या मुलीची श्रवणयंत्रं तो एकामागून एक हिसकावून फेकतो, आणि त्याची आई बँकेतून पैसे काढून ती भरून द्यायला जाते. मराठीत त्या आईची गोष्ट मी अजून तरी पाहिलेली नाही.