जेरार्ड, बॉब

जेरार्ड, बॉब (१९ जानेवारी १९१४ – २६ जानेवारी १९९०). इंग्लंडमधील हौशी मोटारशर्यतपटू. पूर्ण नाव फ्रेडरिक रॉबर्ट्स जेरार्ड. जन्म लेस्टरचा. घरचा मोटारींचा व्यवसाय होता आणि शर्यतींचा छंद त्याने स्वखर्चाने जोपासला. दुसऱ्या महायुद्धापूर्वी तो रायली गाडी चालवीत असे. पण त्याचे नाव झाले ते युद्धानंतर, ‘ईआरए’ (इंग्लिश रेसिंग ऑटोमोबाइल्स) गाडीवर.

लिंकनशरमधील बोर्न येथे १९३४ पासून बनू लागलेल्या या इंग्रजी गाडीला रायलीच्या इंजिनावरून विकसित केलेले, सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा कोंबणारे यंत्र) लावलेले सहा सिलिंडरांचे इंजिन असे. युद्धानंतर ती जुनी झाली होती आणि इटालियन गाड्यांच्या वेगापुढे तिचा निभाव लागणे कठीण होते. तरीही १९४८ साली इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोन शर्यतमार्गावर व्हिल्लोरेसी आणि अस्कारी या इटालियन चालकांच्या मासेराती गाड्यांमागे जेरार्ड तिसरा आला, तर १९४९ च्या ब्रिटिश ग्रां प्रीत दुसरा. आइल ऑफ मॅनवरील ब्रिटिश एम्पायर ट्रॉफी त्याने १९४७ व १९४९ मध्ये जिंकली. गाडी शेवटपर्यंत धडधाकट ठेवणे हेच त्याचे खरे कौशल्य होते.

१९५० साली चालकांची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा (फॉर्म्युला वन) सुरू झाली. १३ मे रोजी सिल्व्हरस्टोनच्या पहिल्याच शर्यतीत तो सहावा आला. आठ दिवसांनी मोनॅकोत पहिल्याच फेरीत लाटांच्या पाण्याने ओल्या झालेल्या रस्त्यावर गाड्या एकमेकींवर आदळल्या आणि निम्म्याच्या आसपास स्पर्धक बाद झाले; तेथेही जेरार्ड सहावा, सयामचा (आजचा थायलंड) राजपुत्र बिरा याच्या लगेच मागे. त्या काळी गुण पहिल्या पाच क्रमांकांनाच मिळत, शिवाय सर्वांत वेगवान फेरीला एक. सहाव्या क्रमांकाला गुण मिळू लागला तो १९६० पासून.

पुढे त्याने कूपर-ब्रिस्टल (ब्रिस्टल इंजिनाची कूपर गाडी) घेतली. १९५७ मध्ये एंट्री (Aintree) शर्यतमार्गावरील ब्रिटिश ग्रां प्रीत, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, मागे इंजिन असलेल्या कूपरवर तो तिसऱ्यांदा सहावा आला. अजिंक्यपदाच्या एकूण आठ शर्यती आणि गुण शून्य. गुणतक्त्यावर भिस्त ठेवणाऱ्यांना हा चालक दिसतच नाही, आणि हा त्याच्यावर अन्याय आहे.

निवृत्तीनंतर त्याने स्वतःचा संघ चालवला. जॉन टेलर, जॉन ऱ्होड्स यांसारख्या चालकांना त्याच्या गाड्या मिळाल्या. लेस्टरशरमधील मॅलरी पार्क शर्यतमार्गावरच्या लांबलचक उजव्या वळणाला ‘जेरार्ड्स’ म्हणतात.