गुणसूत्रांचे स्थानांतरण आणि संततीचे जगणे

एका गुणसूत्राचा तुकडा तुटून दुसऱ्याला जोडला जाणे म्हणजे गुणसूत्रांचे स्थानांतरण. तपासणीच्या रिपोर्टवर ते ‘ट्रान्सलोकेशन’ म्हणून येते. दोन गुणसूत्रांनी तुकड्यांची अदलाबदल केली तर ते परस्पर स्थानांतरण. सुमारे ५०० माणसांत एकाला ते असते. १३, १४, १५, २१, २२ या क्रमांकांच्या गुणसूत्रांपैकी दोन एकमेकांना चिकटली तर ते रॉबर्टसोनियन स्थानांतरण, साधारण हजारात एकाला. या दुसऱ्या प्रकारात गुणसूत्रे ४६ ऐवजी ४५ भरतात, तरी जनुकांचा ऐवज जवळजवळ पुरा असल्याने माणूस धडधाकट असतो. अडचण येते ती बीजांड किंवा शुक्रजंतू तयार होताना.

१४ आणि २१ चिकटलेल्या स्त्रीच्या बीजांडांत या गुणसूत्रांची वाटणी सहा तऱ्हांनी होऊ शकते. त्यांतल्या तीनच तऱ्हांतून मूल जन्माला येते: एक पूर्ण निर्दोष, एक आईसारखेच वाहक (स्वतः धडधाकट, पण स्थानांतरण असलेले) आणि एक २१चा जादा ऐवज घेऊन आलेले, म्हणजे डाउन सिंड्रोम असलेले. उरलेले गर्भ बहुधा पहिल्या तीन महिन्यांतच पडतात. वाहक आई असेल तर डाउनचा धोका १० ते १५ टक्के, वडील असतील तर जेमतेम एक टक्का. २१ची दोन्ही गुणसूत्रेच एकमेकांना चिकटलेली असतील, तर मात्र जन्मणाऱ्या प्रत्येक मुलाला डाउन सिंड्रोम असतो.

कोणता असमतोल पेलवतो, हे त्या तुकड्यावर किती जनुके आहेत यावर बरेचसे ठरते. १३, १८ आणि २१ या गुणसूत्रांवर जनुके कमी, म्हणून लिंगसूत्रे (X आणि Y) सोडली तर बहुधा या तिघांचीच अख्खी जादा प्रत घेऊन मूल जन्मू शकते. कमतरता त्याहून घातक ठरते. ११ आणि २२ यांच्या अदलाबदलीतून कधी ४७वे छोटे गुणसूत्र असलेले मूल जन्मते. यालाच इमॅन्युएल सिंड्रोम म्हणतात; टाळू, हृदय आणि बुद्धीच्या वाढीवर परिणाम होतो, पण मूल मोठे होऊ शकते.

जनावरांतही हेच घडते. गाईच्या ६० गुणसूत्रांपैकी १ आणि २९ जोडले गेल्याचे १९६४ साली स्वीडनमध्ये दिसले. असा वळू दिसायला उत्तम असतो, पण त्याच्यापासून गाभण राहिलेल्या काही गाई भ्रूण मरून उलटतात, म्हणजे पुन्हा माजावर येतात. रेतन केंद्रात वळू घेण्याआधी त्याची गुणसूत्रे तपासतात ती याचसाठी. पुण्याजवळ सह्याद्रीत राहणाऱ्या भेकराची गुणसूत्रे तर एकमेकांना जोडली जात मादीत ६ आणि नरात ७ एवढीच उरली आहेत. चिनी भेकराची ४६ आहेत. दोघांचा संकर जगतो, पण वांझ निघतो.

पुण्यात हा विषय घरात येतो तो दोन-तीनदा दिवस गेले आणि टिकले नाहीत की. मग सुनेच्या अंगातली उष्णता, पपई, जिना असली कारणे निघतात आणि तिला एकटीलाच तपासायला पाठवतात. हे चुकीचे आणि अन्यायाचेही आहे. वारंवार गर्भपात होणाऱ्या शंभरांत तीन ते पाच जोडप्यांत दोघांपैकी एक जण वाहक निघतो, आणि तो नवराही असू शकतो. नात्यातले लग्न हे याचे कारण नव्हे. रक्त हिरव्या झाकणाच्या नळीत घेतात, पेशी साधारण तीन दिवस वाढवतात, कोल्चिसिनने त्यांचे विभाजन थांबवतात आणि गुणसूत्रांवरचे पट्टे सूक्ष्मदर्शकाखाली वाचतात. क्युरेटिंगनंतर गर्भाचा अंश तपासायला द्यायचा असेल तर तो निर्जंतुक सलाईनमध्ये द्यावा. फॉर्मलिनमध्ये पेशी मरतात आणि त्या वाढवता येत नाहीत. घाईगर्दीत हे सांगायचे राहून जाते आणि कारण शोधण्याची संधी हुकते.

पुढच्या वेळी गर्भजल तपासता येते. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ साली कायदा केला, केंद्राने १९९४ साली. गुणसूत्रदोषासाठी तपासणीला मुभा आहे, लिंग सांगायला नाही. टेस्ट ट्यूबच्या उपचारांत गर्भ आधी तपासून मग गर्भाशयात सोडता येतो, पण खर्च मोठा आहे, आणि उपचारांविनाही बहुतेक वाहक जोडप्यांना पुढे निरोगी मूल होते. वाहकाची आई किंवा वडीलही वाहक असतील तर त्याच्या प्रत्येक भावंडालाही तो वारसा मिळण्याची शक्यता सुमारे निम्मी असते. त्यामुळे रिपोर्ट लपवून न ठेवता त्यांच्या हाती द्यावा.